कावीळ झालेलं रुखवत

"मॅडम, भाताला कावीळ झालीय," हेतल फोनवर म्हणाली. मागून तिची आई ओरडत होती, "नुसता भातच काय सांगतेस? इडलीचं सांग. पाण्याचं सांग."

"पाण्याला काय झालं?"

"दारूसारखं दिसतंय."

मी हातातली रेझिन ढवळायची काडी खाली ठेवली. हेतलचं लग्न आठवड्यावर आलं होतं. भात, इडली आणि पाणी, तिन्ही माझ्या दुकानातून गेलेलं सामान होतं.

माझा धंदा काय ते आधी सांगते, कारण लोकांना तो खरा वाटत नाही. डहाणू रोडला माझं छोटं दुकान आहे. तिथं मी रेझिनचे खोटे खाद्यपदार्थ करायचे किट विकते. बोटाच्या पेराएवढी पुरणपोळी, वाटाण्याएवढा गुलाबजाम. किटमध्ये दोन बाटल्या असतात, एक रेझिनची, एक हार्डनरची. दोन्ही पातळ असतात. ठरलेल्या मापात एकत्र ढवळायचे, रंग घालायचा, सिलिकॉनच्या मऊ साच्यात ओतायचे. दुसऱ्या दिवशी इडली दगडासारखी टणक होऊन बाहेर पडते. या टणक होण्याला आम्ही क्युअर होणं म्हणतो. लग्नाआधी मी वापीला रंगाच्या एका कंपनीत लॅबमध्ये होते, त्यामुळे बाटल्यांचं मला कौतुक नाही. इडलीचं मात्र आहे.

जमनाबाई, म्हणजे हेतलची आई, माझी पहिल्या वर्षीची गिऱ्हाईक. झाईची. नवरा बोटीवर, ही मासळी विकायची. २०१४ साली टोपली रिकामी करून दुकानात शिरली, काचेतली थाळी निरखून पाहिली आणि म्हणाली, "हे रुखवतात चालेल?"

"चालेल की. कोणाचं लग्न?"

"लेकीचं. दहावीत आहे आत्ता."

मी हसले. ती नाही हसली. तिच्या स्वतःच्या लग्नात रुखवत म्हणून आईनं आरसा आणि फणी ठेवली होती, आणि सासरच्या बायका त्यावर काय बोलल्या ते तिनं मला शब्दाशब्दानं ऐकवलं. लेकीचं रुखवत भरगच्च करायचं आणि सगळं स्वतःच्या हातानं करायचं, हे तिनं तेव्हाच ठरवलेलं. मग दरवर्षी एक किट. एक वर्ष भात-वरण, एक वर्ष मिठाया, इडल्या मात्र दरवर्षी. किटमध्ये मासे नाहीत म्हणून माझ्याशी भांडली. "मासे नाहीत तर जेवण कसलं?" शेवटी तिनं मातीचं इवलंसं पापलेट आणि बोंबील करून आणला. त्यावरून मी साचे काढून दिले. पापलेट फार सुरेख होतं, माझ्याच्यानं झालं नसतं.

तर फोन आल्यावर मी स्पिरिटची बाटली, सँडपेपर आणि रंग पिशवीत टाकले आणि बोर्डीवरून झाईला गेले.

जमनाबाईनं पडवीत चादर अंथरून सगळी थाळी मांडली होती. पाहिलं आणि मी डोक्याला हात लावला. पाच वर्षांचे पाच रंग. गेल्या वर्षीची इडली दुधासारखी पांढरी. तिच्या आधीची सायीसारखी. त्याच्या आधीची हळदीचं बोट लागल्यासारखी. सगळ्यात जुना भात, रसगुल्ले आणि पाण्याचे ग्लास, काही बोलायलाच नको. जिलेबी, पुरणपोळी, गुलाबजाम यांना काही झालं नव्हतं. मुळातच रंगीत होते, पिवळेपणा आत जिरून गेला.

रेझिन पिवळं पडतं, हे मला माहीत होतं. पण इतकं? त्याच पहिल्या वर्षीचा एक किट तलासरीच्या एका शाळेत कपाटात आहे. तिथल्या बाईंना पडवीतूनच फोन लावला. "भात कसा आहे हो आपला?" त्या म्हणाल्या, "मोतिया झालाय थोडा. का, जेवायला येताय?"

म्हणजे माल तोच, वर्ष तेच, आणि इथं ही अवस्था. मी जमनाबाईला विचारलं, "हे ठेवायचीस कुठं?"

"ट्रंकेत. कपड्यात गुंडाळून."

"उजेडात नाही?"

"छे. वर्षातून एकदा ऊन दाखवायची, बस."

"ऊन दाखवायची म्हणजे?"

"म्हणजे काय, मे महिन्यात. बोंबील, मिरच्या, डाळ घालते तेव्हा. खायच्या जिनसेला ऊन नको दाखवायला? कीड लागेल ना."

हेतल तोंडावर ओढणी घेऊन हसत होती. जमनाबाईचा राग तिच्यावर निघाला. "हसतेस काय? पहिल्या वर्षी चिकट राहिलेलं सगळं. उन्हात ठेवलं तेव्हा सुकलं. मॅडमना विचार."

आता यात गंमत अशी की तिचं अगदीच चुकलं नव्हतं. मापाचे कप किटमध्ये असतात, पण जमनाबाई रेझिनही कालवणातल्या तिखटासारखं अंदाजपंचे घालायची. माप चुकलं की माल चिकट राहतो. ऊब मिळाली की अर्धवट राहिलेलं क्युअर होणं जरा पुढं सरकतं. उन्हानं तिचा भात खरंच टणक झाला होता. पण उन्हात यूव्ही किरणही असतात, आणि रेझिनला पिवळं करणारे तेच. पहिल्या वर्षीच्या भातानं झाईचे सगळे उन्हाळे अंगावर घेतले होते. वर पहिल्या वर्षीचा चिकटपणा, त्यावर वाळू, मिरचीचं बी आणि बोंबलाचा वास. माझ्या खोक्यावर 'वर्षानुवर्षे टिकणारे' असं छापलंय. टिकलं होतंच. एक शीतसुद्धा तुटलं नव्हतं.

"पांढरं करून द्या," जमनाबाई म्हणाली.

"मी नवीन करून देते. भात, इडली, रसगुल्ले, सगळं. दोन दिवसांत. पैसे नको देऊस."

तिचा चेहराच बदलला. "तुम्ही केलेलं माझ्या लेकीच्या रुखवतात मांडू? उद्या विहीण विचारेल, कोणी केलं, तर काय सांगू? दुकानातनं आणलं? मग ही पाच वर्षं मी कशाला घासली?"

माझ्यासाठी तो खराब झालेला माल होता. तिच्यासाठी पोरीचं रुखवत होतं, आणि ते असं नेलं असतं तर पुन्हा कोणीतरी नाक मुरडलंच असतं. दुसरं करायला तिच्याकडं ना वेळ होता, ना उसंत. घरात हळदीची तयारी चालू होती.

मग मी लागले कामाला. स्पिरिटनं पुसल्यावर वास गेला, चिकटपणाही गेला. पिवळेपणा जागचा हलला नाही. सँडपेपर मारला तर वरचा थर निघाला आणि त्याबरोबर भाताची शितंही निघाली. भाताचा पेढा झाला. शेवटी पांढरा रंग लावला. जमनाबाईनं ती मूद तळहातावर घेऊन निरखली.

"हा भात नाही, चुना आहे."

खरंच चुना दिसत होता. मी वापीच्या शेठला फोन लावला, ज्याच्याकडून मी रेझिन घेते.

"शेठ, तुमचं रेझिन पिवळं पडलंय."

"मॅडम, माल एक नंबर आहे. उन्हात ठेवला काय?"

"दर मे महिन्यात. बोंबलांबरोबर."

शेठनं 'बोंबलांबरोबर?' असं दोनदा विचारून घेतलं. मग, "बोंबील सुकवतात मॅडम. रेझिन का सुकवायचं?"

"ते सोडा. परत पांढरं कसं करायचं?"

"नाय होणार. रंग आतून बदलतो."

मी फोन ठेवला. जमनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला ती उगाच चादर झटकत होती. मला फार वाईट वाटलं.

काहीतरी करायचं म्हणून मी थाळीतला बर्फीचा तुकडा उचलला. त्यावर माशाचा एक खवला चिकटून बसला होता. कधीतरी अंगणात मासे साफ करताना उडाला असणार. आता पक्का झालेला. नखानं काढायला गेले तर हेतलनं माझा हात धरला.

"राहू द्या ना मॅडम. वर्ख दिसतोय."

मी बर्फी उजेडात धरली. खरंच, चांदीचा वर्ख. आणि खालचा दुधी रंग पिवळा पडून काजूकतली झाली होती. दुकानातली काजूकतली इतकी हुबेहूब नसते.

जमनाबाई वाकून पाहायला लागली. मग तिनं पिवळी इडली उचलली. बोटांत फिरवली. "हेतल, हे काय दिसतंय गं?"

"इडली."

"नीट बघ. तुझ्या सासरी सकाळी काय खातात?"

हेतलचं सासर उंबरगावचं. हद्दीच्या पलीकडं, गुजरातेत.

"ढोकळा," हेतल म्हणाली, आणि तिघी एकदम हसत सुटलो.

त्यानंतर आम्हाला धरबंदच राहिला नाही. पदार्थ पांढरा करायचा नाही, त्याचं नावच बदलायचं. पिवळा भात साखरभात झाला, वर लवंगेच्या रंगाचे दोन ठिपके. पाण्याचे ग्लास विहीणबाईंना दारूचे वाटू नयेत म्हणून जमनाबाईनं शेजारी गुळाचा खडा करून ठेवला, झालं गूळपाणी. ओले बोंबील वाळून सुके बोंबील झालेच होते, त्यांना काहीच करावं लागलं नाही. पापलेटाला हळद-मीठ लावलेलं आहे असं ठरलं. रसगुल्ल्यांचं काय करावं ते मला सुचेना. जमनाबाईनं त्यांना तपकिरी रंगाचा हात लावला, वर देठाचा ठिपका दिला आणि माझ्यापुढं टोपली धरली. चिकू. आमच्या भागातल्या माणसाला चिकू ओळखायला शिकवावं लागत नाही, आणि हे घोलवडच्या बागेतले होते.

ढोकळ्याला मात्र घाम निघाला. इडली गोल. ढोकळा चौकोनी. बारीक करवतीनं कापताना पहिली इडली टणकन उडून विहिरीकडं गेली. मग मी इडली चिमट्यात धरली आणि जमनाबाईनं कापली. मोहरीचे ठिपके सुईच्या टोकानं दिले. कोथिंबीर हेतलनं केली. मी एकदा ब्रश उचलला तर जमनाबाईनं तो काढून घेतला. "तुम्ही चिमटा धरा." मी चिमटा धरला. या कामात माझी बढती शेवटपर्यंत झाली नाही.

कसं पुसायचं, कुठला रंग रेझिनवर धरतो, वर वॉर्निशचा हात कधी द्यायचा, एवढं मी सांगितलं. वॉर्निश यूव्ही अडवणारं होतं, तेही समजावलं.

"म्हणजे आता ऊन दाखवलं तरी चालेल?" तिनं विचारलं.

"जमनाबाई, नाही."

लग्नाला मला आमंत्रण होतंच. मांडवात शिरले तर रुखवताचं टेबल भिंतीशी, जिथं दुपारचं ऊन येणार बरोब्बर तिथं. मी काही बोलायच्या आत जमनाबाई नव्या पातळात घामाघूम होऊन तिथं पोचली आणि मांडववाल्यावर खेकसली, "आत घ्या ते. पिवळं पडेल." माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच गिऱ्हाइकानं असा धडा घेतला नव्हता.

वऱ्हाड आलं. बायका रुखवताभोवती जमल्या. विहीणबाई जाड भिंगांचा चष्मा लावून एकेक पदार्थ पाहत होत्या. काजूकतलीपाशी थांबल्या. चिकूंवर बोट ठेवून पाहिलं. सुक्या बोंबलांकडं वाकल्या आणि चक्क वास घेतला. जमनाबाईचा हात पदराच्या गाठीशी चाळा करत होता.

मग त्यांना ढोकळा दिसला. त्या थांबल्या. सगळ्या बायका थांबल्या.

"ढोकळां?" त्यांनी जमनाबाईकडं पाहिलं. "तुमच्याकडं रुखवतात ढोकळा ठेवतात?"

"आमच्याकडं नाही ठेवत," जमनाबाई म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. "तुमच्यासाठी केला."

विहीणबाईंनी चष्मा काढला. डोळे पुसले. बाजूच्या बाईला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "जो, जो, बघ तरी. आपल्यासाठी खास केलाय." आणि त्यांनी जमनाबाईला दोन्ही हातांनी जवळ घेतलं. जमनाबाईचं डोकं त्यांच्या खांद्यावर, आणि तिथून तिनं माझ्याकडं पाहिलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि हसू आवरेना म्हणून मी खाली पाहत बसले.

"सगळं तुम्ही एकटीनं केलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"एकटीनं. पाच वर्षं."

"आणि ह्या?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्या होय? ह्यांचं डहाणूला दुकान आहे," जमनाबाई म्हणाली. "सामान विकतात."

मी हात जोडून नमस्कार केला. म्हटलं, हो, सामान विकते.

त्या पावसाळ्यात किटच्या माहितीपत्रकात मी एक ओळ वाढवली: पदार्थांना ऊन दाखवू नये. पण दुकानात येणाऱ्या बायकांना तोंडी सांगते ते वेगळं. रेझिन टिकतं. पांढरं टिकत नाही. तेव्हा लग्न लांब असेल, तर इडली करूच नका, सरळ ढोकळाच करा.