आज नको

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या बाईला सगळे ताई म्हणत. पण अकरा वर्षांपूर्वी तिला लोक गुणगुण म्हणून ओळखायचे. तिघांचा रॅपचा ग्रुप होता. शब्द लिहायचा मास्तर; तो दुसऱ्याच्या बोलण्यातल्याही चुका काढायचा, म्हणून मास्तर. रॅप करायचा सायलेन्सर. त्याने तोंड उघडलं की शेजारची खिडकी धाडकन बंद व्हायची, म्हणून सायलेन्सर. आणि या दोघांच्या तडतडीत मध्येच जी सुरेल ओळ यायची, ती गुणगुणची. लोक रॅप तिथेच सोडून ती ओळ तेवढी घरी घेऊन जायचे. एक अल्बम निघाला, बऱ्यापैकी गाजला, आणि मग तिघांची तोंडं तीन दिशांना झाली. का झाली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. निदान त्या मंगळवारपर्यंत तरी.

मंगळवारी दुपारी एक टकला, दाढीवाला माणूस नंबर लिहिलेला कागद घेऊन आला. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायला तिने त्याच्या नाकावर पट्टी धरली.

"हलू नका. माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा. आता उजव्या. चौसष्ट."

"अजून आकडे मोठ्यानेच म्हणतेस," तो म्हणाला. "मात्रासुद्धा अशाच मोजायचीस."

पट्टी तिच्या हातातच राहिली. मास्तर! या माणसाला कधी भेटलोच तर काय काय सुनवायचं, याची तिची अकरा वर्षांची तयारी होती. आणि आता त्याचं नाक चार बोटांवर असताना तिला एकही वाक्य आठवेना.

"नवा अल्बम करतोय," मास्तर म्हणाला. "सायलेन्सरही तयार आहे. तू झालं गेलं सोडून दे. आम्ही सोडलं."

"तुम्ही सोडलं?" तिचा आवाज एकदम चढला. काउंटरपाशी आरशात फ्रेम लावून बघणारी गिऱ्हाईक बाई चपापली. "तुम्ही काय सोडणार? 'येऊ नकोस' कुणी कळवलं होतं मला?"

मास्तरने तिच्या हातातली पट्टी बाजूला सारली. "कुणी कळवलं? चारशे माणसं बसली होती हॉलमध्ये. तुझ्या ओळी आल्या की आम्ही दोघं माशासारखी तोंडं उघडून उभे. तू आलीच नाहीस."

घरी गेल्यावर ती स्वयंपाकघरात उभीच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गॅस बंद आहे. काय ढवळतेयस?"

तिने त्यांना सगळं सांगितलं. त्या शेवटच्या कार्यक्रमाच्या सकाळी तिने सायलेन्सरला मेसेज केला होता. 'नवं गाणं आज घ्यायचं का? मी थेट हॉलवर येऊ ना?' उत्तर आलं, 'आज नको.' तिला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. काही दिवस तिघांत कुरबूर चालूच होती. आता तर उघडच झालं, असं तिने धरलं आणि ती घरी बसली. त्यांनी फोन केला नाही, तिनेही नाही.

सासूबाईंनी जरा विचार केला. "पण मग 'आज नको' म्हणजे गाणं नको की तू नको?"

अकरा वर्षांत हा प्रश्न तिच्या मनाला शिवला नव्हता.

शनिवारी ती स्टुडिओत गेली, ती गायला नव्हे, विचारायला. सायलेन्सर आता लिफ्ट दुरुस्तीची नोकरी करायचा. आवाज तोच, पोट नवं. तिने आल्या आल्या विचारलं. तो मोठ्याने हसायला लागला, मग तिचा चेहरा बघून थांबला.

"गाण्याचं लिहिलं होतं मी. गाणं आज नको. तुला कसं नको म्हणेन?" असं म्हणाला खरा, पण म्हणताना तो हेडफोनची वायर सोडवत होता, आणि त्या वायरीला गाठ नव्हती. खरं बोलताना लाजला होता की थाप मारत होता? तिला काही उमगेना. रागावावं तर कुणावर, आणि माफ करावं तर कशाबद्दल? इतकी वर्षं ज्या रागाला तिने घरच्यासारखं सांभाळलं, तो आता पाहुण्यासारखा अवघडून बसला होता. जातही नव्हता, बोलतही नव्हता.

मास्तरने कागद पुढे केला. तिच्यासाठी दोनच ओळी होत्या.

'कुणी सोडला हात, सांग ना,
मी उभी त्याच वळणावर.'

"हे 'सांग ना' कुणाला आहे?" तिने विचारलं.

"तू आम्हाला विचारतेस," मास्तर म्हणाला.

"मला वाटलं, आम्ही तिला विचारतोय," सायलेन्सर म्हणाला.

"मग 'मी उभी' कसं होईल? व्याकरण तरी बघ!"

दोघांची जुंपली. ते भांडण इतकं ओळखीचं होतं की तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. तेही का, ते कळेना. ती मुकाट्याने काचेपलीकडच्या खोलीत जाऊन माइकसमोर उभी राहिली.

पहिल्यांदा गायली ती चिडून. दुसऱ्यांदा फारच गोड झालं. तिसऱ्या वेळी ती 'सांग ना'वर आली आणि तिला खरोखरच समजेना की कुणाला म्हणतोय आपण. आवाज अर्ध्यात रेंगाळला, जरा खाली घसरला, आणि तसाच संपला.

रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीने बटण दाबून विचारलं, "ताई, ही ओळ तुम्ही विचारताय की सांगताय?"

"मलाच माहीत नाही गं. पुन्हा घेऊ या."

"नको, नको. हेच ठेवते."

अल्बम आला. पहिल्याइतका गाजला नाही, पण ते एक गाणं लोकांनी उचलून धरलं. चष्मा न्यायला येणारे तिला निरखून बघत आणि विचारत, "तुम्हीच ना त्या?" ती म्हणे, "हो, बहुतेक." सासूबाईंनी गाणं चार वेळा ऐकलं आणि निकाल दिला, "छान आहे, पण हे भांडताय की समेट करताय?"

महिन्याभराने रेडिओवर मुलाखत झाली. निवेदिकेने विचारलं, "तुम्ही वेगळे का झाला होता?" तिघांनी एकदमच तोंड उघडलं, एकदमच मिटलं. मास्तरने मानेने तिला खूण केली. तू बोल.

तिच्याकडे आता दोन हकिगती होत्या. एक तिची, एक सायलेन्सरची. दोन्ही घडल्यासारख्याच वाटत. तिने सायलेन्सरकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता, कानाच्या पाळ्या लाल.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "आम्हाला नक्की ठाऊक नाही."

निवेदिका खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला. मग सायलेन्सर हसला, जरा उशिरा, आणि मास्तरही. तीसुद्धा हसली, पण आपण कशाला हसतोय हे तिला बाहेर रस्त्यावर येईपर्यंत समजलं नव्हतं, आणि आल्यावरही नाही.

फाटकापाशी मास्तर पुढच्या गाण्याचे शब्द वाचून दाखवायला लागला. सायलेन्सरने दुसऱ्याच ओळीला नाक मुरडलं. तिची बस समोर येऊन उभी राहिली, तिने ती जाऊ दिली आणि म्हणाली, "पहिल्यापासून वाच."