हॅमोचे चाळीस दिवस
राजा गादीवर बसला त्याच वर्षी गॉडलिफ ही हॅमो कुंभाराची बायको झाली. राजाला समुद्रापलीकडचा बापाचा मुलूख परत हवा होता, म्हणून दर चार वर्षांनी लढाई. पहिल्या लढाईला गॉडलिफच्या कोंबड्या गेल्या, दुसरीला सातू. तिसरीच्या वेळी राजाचा शिपाई गोठ्यातून बैल सोडायला लागला, तेव्हा बाईचं डोकंच फिरलं. हातात मुसळ होतं, घातलं. शिपाई जागीच खलास.

"मी मारला," असं ओरडत हॅमो चर्चमध्ये पळाला. कोंबडी कापताना तोंड फिरवणारा माणूस तो! चर्चमध्ये शिरलेल्याला कोणी धरत नाही, पण गुन्हा कबूल करून राज्य सोडायची शपथ घ्यावी लागते. हातात लाकडी क्रूस घेऊन अनवाणी डोव्हर बंदर गाठायचं आणि बोट मिळेपर्यंत रोज गुडघाभर पाण्यात उभं राहून 'पलीकडं न्या' म्हणून ओरडायचं. मुदत चाळीस दिवस. नंतर दिसेल तिथं मुंडकं उडवणार.

आता बघा राजाची अक्कल! हुकूम देश सोडायचा, आणि बंदरातली एकूण एक बोट लढाईसाठी अडकवलेली. शंभर बोटी समोर डुलत होत्या, हॅमोला एकीतही जागा नव्हती. त्याच्यामागं आलेली गॉडलिफ रोज बोटी चालवणाऱ्या तांडेलांच्या पाया पडत हिंडली.

चाळिसाव्या दिवशी हॅमोचे पाय सुजून भोपळे झाले होते.

"घरी जा गं," तो म्हणाला. "बैल तरी वाचला."

"गप बस मेल्या! मी जाऊन सांगते, मीच मारला म्हणून."

"माझी शपथ आहे तुला."

शेवटची बोट शीड चढवत होती. तिचा तांडेल हसला. "बाई, मला लढणारी माणसं हवीत. हा बगळा घेऊन काय करू?"

गॉडलिफ पुढं झाली. "बगळा? एका घावात राजाचा शिपाई लोळवलाय त्यानं! धनुष्यही चालवतो."

तांडेल एकदम गंभीर झाला. "खरं काय रे?"

हॅमोनं बायकोकडं पाहिलं. "हो," तो म्हणाला. "मीच मारला."

तांडेलानं त्याच्या हातात धनुष्य कोंबलं. ते कुठं धरायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. गॉडलिफनं त्याला खांद्याचा आधार देत बोटीपर्यंत नेलं.

"गॉडलिफ, मला नाही गं कुणाला मारता येत," तो तिच्या कानाशी रडवेला होऊन म्हणाला.

तरी तिनं त्याला आत ढकललं.

"शिक," ती म्हणाली. "समोरच्यानं तुला मारायच्या आत शिक."