माय मुकी

जपानी माणसाचा नकार कानांनी ओळखणारा मराठी माणूस मी एकच पाहिला. आमच्या ऑफिसातले नाना. समोरच्या गिऱ्हाइकाने दातांतून 'स्स' करून श्वास आत ओढला, की नाना लॅपटॉप मिटायला घेत आणि बाहेर आल्यावर म्हणत, "चला, हे गेलं."

पुण्याहून जपानात कावासाकीला नव्याने आलेल्या आम्हा सगळ्यांची शिकवणी त्यांच्याकडेच होती. 'केन्तो शिमास', म्हणजे 'विचार करतो', हे ऐकून आम्ही काम मिळाल्याच्या आनंदात असायचो. नाना म्हणत, "अगं, स्थळ बघताना 'पत्रिका बघून कळवतो' म्हणतात ना, तसं आहे ते." आणि कुणी 'माएमुकी नि केन्तो', म्हणजे 'अगदी अनुकूल विचार करतो', म्हणालं तर आशाच सोडायची. "माय मुकी झाली. आता काय बोलणार ती?" आमच्या ऑफिसात कुठलंही काम फिसकटलं की 'माय मुकी झाली' म्हणायची पद्धतच पडली.

आमची कंपनी लहान धंद्यांना ईमेलचा सर्व्हर, मेल वाचायचा प्रोग्राम आणि फॅक्सचं सॉफ्टवेअर विकायची. फॅक्स म्हटलं की पुण्यातले लोक हसतात. पण इथला नटबोल्टवाला अजून हाताने ऑर्डर लिहितो, फॅक्स करतो आणि पोचला का म्हणून वर फोनही करतो. त्याचा कागद समोरच्याच्या मेलमध्ये पडावा आणि मेलचं उत्तर त्याच्या मशीनमधून कागद होऊन निघावं, ही सगळी करामत नानांची. जुनी गिऱ्हाइकं कंपनीला नव्हे, 'नाना-सान'ना फोन करत. जपानीत नाना म्हणजे सात. एका कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकिणीने त्यांना बाकीचे सहा कुठे आहेत असं विचारलं होतं.

मग वरच्यांनी ठरवलं की हे सगळं बंद करायचं आणि गिऱ्हाइकांना कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन मेलवर ढकलायचं. नानांचा व्हिसा नोकरीवर. कायमच्या वास्तव्याचा अर्ज त्यांनी केलाच नव्हता, कारण काकू दर दिवाळीला 'पुढच्या वर्षी परत जायचंच आहे' म्हणत. आणि त्यांची मुलगी सई, टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागात वाढलेली, जपानी शाळेत अकरावीला. मराठीत विचारलं तर कळायचं, उत्तर मात्र जपानीत यायचं. नाना मला म्हणाले, "माझं काय, मी कुठेही भाकरी खाईन. हिला आता तिकडे नेऊन काय करू?"

निदान फॅक्सचा भाग तरी चालू ठेवा, असं सांगायला ते आमच्या काचोंकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे गेले. बाहेर आले ते हसतच. "माएमुकी नि केन्तो करतो म्हणाले."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "नाना, म्हणजे माय मुकी?"

"दर वेळी तसं नसतं गं," ते चिडून म्हणाले. "या वेळी त्यांनी श्वास ओढला नाही."

त्याच सुमारास त्सुकुबाच्या एका कंपनीत त्यांच्यासाठी जागा निघाली होती. शब्द टाकायचा अवकाश होता. नानांनी नम्रपणे नाही कळवलं. "इकडे विचार चाललाय. अर्ध्यात सोडून जाणं बरं दिसत नाही." मी त्यांच्याशी भांडले, काकू रडल्या. नाना मात्र नव्या उमेदीने फॅक्सच्या प्रोग्राममध्ये सुधारणा करत बसले. जन्मभर दुसऱ्यांना शहाणपण वाटलं आणि स्वतःला लागलं तेव्हा शिल्लक राहिलं नाही. त्या उमेदीचा मला अजूनही राग येतो.

मार्चअखेर सगळं बंद, असा मेल एका सकाळी सगळ्यांना आला. नानांच्याच सर्व्हरवरून आला. विषयाचा सर्व बाजूंनी विचार करण्यात आला, असं त्यात लिहिलं होतं. त्सुकुबाची जागा तोवर भरली होती. नाना जिथे जिथे मुलाखतीला गेले, तिथे त्यांचं वय पाहून समोरचे श्वास आत ओढत. ते मात्र त्यांना पुन्हा नीट ऐकू यायला लागलं होतं. जपानी उन्हाळा लागायच्या आत तिघंही पुण्याला परतली.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेले. सईचं कॉलेजात नाव घातलंय, पण ती सहसा जात नाही. खोलीतच असते. मी आत जाऊन जपानीत सहज म्हटलं, "काय गं, किती बारीक झालीस." आणि पोरगी बोलायला लागली ती थांबेचना. मैत्रिणी, शाळेचं बॅडमिंटन, स्टेशनजवळचं कोंबिनी, म्हणजे रात्रंदिवस उघडं असणारं दुकान. मला तिच्याकडे बघवेना. नाना दाराबाहेर भिंतीला टेकून ऐकत होते. मी उठले तेव्हा बाजूला झाले.

निघताना ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले.

"तिला अधूनमधून फोन करत जा," ते म्हणाले. "आणि काय म्हणाली ते मला कळव. विमानात बसल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही."