बासरीखालचा आवाज

माझ्या मोठ्या भावाचा आवाज माझ्याकडे होता. त्याच्या बायकोने तो मागितला. मी कधी नाही म्हणालो नाही. देतो म्हणत राहिलो आणि दिला नाही. आता तो कुणाकडेच नाही.

दादा एस.टी.त कंडक्टर होता. बरीच वर्षं अकोला-अकोट गाडीवर, मधे काही दिवस बाळापूरकडे. त्याचा आवाज मोठा आणि जरा फाटका होता. स्टँडवर तो ओरडायला लागला की चहाच्या टपरीवरची माणसं कप टाकून गाडीकडे धावायची. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र त्याने कधी सोडला नाही. आधी तोंड पूर्ण उघडेनासं झालं, मग जिभेवर गाठ आली. ऑपरेशन अमरावतीला करायचं ठरलं, कारण मी इथे शिक्षक आहे, घर आहे, डबा पोचवता येईल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीभ काढावी लागेल, पुढे बोलता येणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी खाली औषधं आणायला गेल्या, तेव्हा तो मला म्हणाला, "तुह्या मोबाइलमधी आवाज भरता येते ना? भर मंग."

मी मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"चालू झालं काय बे? दिवा तं काही लागला नाई."

"चालू आहे. बोल."

"काय बोलू?" म्हणाला, आणि एकदम ओरडला, "अकोट, अकोट, अकोट! सुट्टे पैसे हातात घ्या, बाई!" शेजारच्या खाटेवरचे म्हातारे दचकून उठले. नर्स आली, तिने झापलं. तिला हात जोडून तो पुन्हा मोबाइलकडे वळला आणि बोलत राहिला. मधे खोकायचा, डब्यात थुंकायचा, पुन्हा बोलायचा. शेवटी मला म्हणाला, "आता नोको देऊ तिले. मी गेल्यावर देजो. आता देल्लं तं रडून रडून माह्याच जिवाले घोर लावन."

ऑपरेशननंतर तो काही महिने जगला. त्या महिन्यांत तो हातवाऱ्यांनी बोलायचा. चिडला की भिंतीवर थाप मारायचा.

तो गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अकोल्याला, जुन्या शहरात त्यांच्या गल्लीजवळच्या विहारात होता. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ मीच बनवतो. फोटो एकामागे एक सरकतात, खाली संगीत असतं, अक्षरं डावीकडून येतात. हल्ली आमच्याकडे माणूस गेल्यावरही असा व्हिडिओ लागतो. मीही बनवला. दादाचं ते बोलणं लॅपटॉपवर घेतलं आणि ऐकत बसलो. खोकला, थुंकणं, शिव्या, अकोट-अकोट हे सगळं लोकांपुढे कसं लावायचं, असं वाटलं. मी कापत गेलो. सगळ्यांनी एकमेकांना धरून राहा, लेकरांना शिकवा, एवढी दोन-तीन वाक्यं उरली. त्यांच्याखाली बासरी टाकली. बासरी जरा मोठी झाली होती, पण त्याच्या आवाजातली घरघर तिच्यात झाकली जात होती, म्हणून तशीच ठेवली.

विहारात बायका रडल्या. लोकांनी माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, हे लिहायला आज लाज वाटते.

जेवणं झाल्यावर वहिनी ताटं गोळा करता करता म्हणाल्या, "भाऊजी, तो एवढंच नसन बोलला. तोंड उघडलं का अर्धा घंटा बंद नाई व्हायचा. बाकीचं कुठं हाय?"

"आहे माझ्याकडे. जरा साफ करून देतो."

"साफ काहून? जसं हाय तसं द्या ना."

"देतो."

त्यांच्याकडे त्याचा दुसरा आवाज नव्हता. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओत दादा पाहुण्यांशी हसून बोलताना दिसतो, पण फोटोवाल्याने त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी टाकलेली. ओठ हलतात, सनई वाजते. मला हे ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी अकोल्याला जाताना पेनड्राइव्ह घ्यायचं राहून जायचं. विसरायचो असं म्हणणं खरं नाही. मी जे कापलं होतं ते ऐकून त्या मला काय म्हणतील, याची धास्ती होती. नंतर वहिनींनी विचारणं सोडलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दरम्यान माझा मोबाइल बदलला. ते बोलणं उरलं ते एका लॅपटॉपमध्ये.

गेल्या मे महिन्यात लॅपटॉप फार तापायला लागला. आमच्या अमरावतीच्या उन्हाळ्यात माणूस तापतो तिथे यंत्राचं काय, म्हणून मी तो खिडकीत कूलरसमोर, कूलरच्याच लोखंडी स्टँडवर ठेवून काम करायचो. कूलर चालू झाला की स्टँड आणि खिडकी दोन्ही थरथरायचे. त्या घरघरीत हार्डडिस्कची टकटक मला कितीतरी दिवस ऐकूच आली नाही. एका दुपारी लाइट गेली, कूलर थांबला, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, तेव्हा ती ऐकू आली. आतून कुणी नखाने दार वाजवावं तशी.

त्यानंतर मी नको ते सगळं केलं. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. जुन्या टीव्हीला मारायचो तशी बाजूने थाप मारली. शेवटी बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला.

दुकानदाराने लॅपटॉप कानाला लावला. "किती वेळा चालू केला घरी?"

"बरेचदा."

"अन् झापड मारली असन."

मी मान डोलावली.

"मारतेच सगळे," तो म्हणाला. "मीबी मारली होती, माह्यावाल्याले. बरं, ही डिस्क किती टिकते सांगता येत नाही. पहिले काय पाह्यजे तेवढं सांगा."

"दादा नावाचं फोल्डर आहे."

त्याने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. फोल्डर दिसलं. आत फाइल होती, नावही मी ठेवलेलंच होतं. कॉपी सुरू झाली, हिरवी पट्टी थोडी सरकली आणि थांबली. टकटक. त्याने पुन्हा केलं, वेगळ्या पद्धतीने केलं, डिस्क थंड होऊ देऊन संध्याकाळी बोलावलं. पट्टी तिथेच थांबायची. बाकीचं मात्र निघत गेलं. स्नेहसंमेलनं आली, पगाराच्या पावत्या आल्या, कुणाकुणाचे वाढदिवस आले. तो बासरीचा व्हिडिओही आला, अगदी स्वच्छ.

"हे तर आलं ना," तो मला धीर देत म्हणाला. "यात हाय ना आवाज."

डिस्क मग त्याने बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवली. निरोप आला की आतल्या तबकडीवर चरे पडलेत, त्या जागचं काही निघणार नाही.

अकोल्याला जाताना एस.टी.त मी वाक्यं जुळवत होतो. मोर्णा नदीचा पूल ओलांडून गल्लीत शिरलो, तेव्हा वहिनी दारात शिवणयंत्रावर बसल्या होत्या. मी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. काय कापलं, का दिलं नाही, डिस्क कशी गेली. माफ करा म्हणालो.

त्यांनी हातातलं ब्लाउज यंत्रावरून काढलं नाही. "तो व्हिडिओ हाय माह्यापाशी," त्या म्हणाल्या. "त्यात तो मंत्र्यावानी भाषण देऊन राहिला. तो माहा माणूस नोय." मग कापड सुईखाली सरकवत, "तुमी तं ऐकलं ना सगळं? सांगा मंग. मले काय म्हणला?"

मी आठवत गेलो. नळ आला की टाकीचा व्हॉल्व्ह नीट बंद करत जा, पाणी सांडतं, असं म्हणाला होता. लेकीशी भांडू नको म्हणाला होता. मग ते वाक्य आठवलं. ते मी सगळ्यांत आधी कापलं होतं, कारण गेलेल्या माणसाच्या तोंडी शोभत नव्हतं.

"म्हणाला, तिले सांगजो, तिची गवारीची भाजी मले कधीच आवडली नाई. इतकी वर्सं चुपचाप खाल्ली."

वहिनींच्या तोंडावर हसू आलं. "झूट! दोनदा घेत होता तो. कढई पुसून घेत होता." मग ते हसू अर्धवटच राहिलं. यंत्र थांबलं. "भाऊजी, हे तो हासून म्हणला का खरंच म्हणला?"

मी तोंड उघडलं. हसून म्हणाला असं सांगणं किती सोपं होतं. पण मला तो आवाज ऐकूच येत नव्हता. शब्द होते, त्यांना चाल नव्हती. डोळे मिटले तर बासरी वाजायची.

"आठवत नाही, वहिनी."

"असं कसं आठवत नाई? तुमच्या समोर बोलला ना तो?"

"समोरच बोलला."

"तो मले खिजवत असला का मंग बोलताना थोडा थांबे. थांबला होता का?"

"नाही आठवत."

त्यांनी यंत्राखालचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "मले काही तुमची माफी नाई पाह्यजे. बसा इथं अन् आठवा."

मी बसलो. त्या ब्लाउज मांडीवर घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.