आणखी काही?

आमच्या संघटनेची बैठक संपत आली होती. सर्वेक्षणं करणाऱ्या, आकडेवारी जमवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्यांची ही संघटना. माहिती गोळा करण्याचे नवे नियम वकिलांनी समजावून सांगितले आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात एक कागद आला. ‘संघटनेने तुमच्यासाठी काय करावं?’ एवढाच प्रश्न त्यावर होता.

बघता बघता ते कागद चहाच्या कपांखाली गेले. अनोळखी माणसांनी दार उघडावं, बसा म्हणावं, उत्तरं द्यावीत, यावर आमची पोटं चालतात. आणि आम्हाला कुणी विचारलं की आम्हीही दार लावून घेतो. माझाही कागद कोराच होता. हल्ली सर्वेक्षणाचे फोन लोक पहिल्या वाक्यालाच तोडतात. सांगून काय होणार आहे?

कार्यवाह शैलाताई कागद गोळा करत माझ्यापाशी आल्या.

“कोराच?”

“कंटाळा आलाय हो, ताई.”

मला वाटलं, हसून पुढे जातील. पण त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. कपाचा ओला डाग टाळून त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि मान वर करून म्हणाल्या, “आणखी काही?”

सर्वेक्षणाच्या कामाला येणाऱ्या नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हे दोन शब्द शिकवतो. उत्तर मिळालं तरी लगेच उठू नका, एवढं विचारा. ते शब्द आपल्यालाच कुणी विचारले की कसे वाटतात, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

मी बोलू लागलो. सभागृह रिकामं झालं, शिपायाने पंखे बंद केले. शैलाताईंनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूवर लिहायला घेतलं.