टेम्प्रानियो, गार्नाचा आणि उपेंद्रचं नाक

वाइनबद्दल बोलणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग येतो. घोटभर प्यायची आणि तासभर बोलायचं. उपेंद्र ढिकले तेवढा अपवाद. आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका स्पॅनिश रेस्टॉरंटमध्ये तो वाइन वाढायचा आणि मी दारापाशी बुकिंग सांभाळायचे. अशी सहा वर्षं गेली.

तो मूळचा दिंडोरीचा, द्राक्षांच्या गावचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपायची ती टेम्प्रानियो आणि गार्नाचा या दोन द्राक्षांची मिश्र रेड वाइन. मराठी गिऱ्हाईक आलं की तो ती मराठीतच समजावायचा. "टेम्प्रानियो म्हणजे घरातला मोठा भाऊ. जरा तुरट, पण घर त्याच्यावर उभं. गार्नाचा धाकटा, गोडबोल्या. वास घ्या. आधी चेरी येईल, मग वाळलेलं आलूबुखार, मागून काळी मिरी, आणि अगदी शेवटी लाकडी पिंपातला तंबाखू." भाजलेल्या लँबबरोबर तो हीच बाटली सुचवायचा, मेंढीच्या दुधाच्या जुन्या चीजबरोबरही. कोणी झणझणीत काही मागवलं तर सरळ सांगायचा, "तिखटावर ही नको. दोघांचं भांडण होतं आणि जीभ आपली भाजते."

एकदा आमच्या पँट्रीत दूध करपलं. सगळे नाक धरून बाहेर पळाले आणि हा त्या पातेल्याशेजारी बसून निवांत पोळीभाजी खात होता. मी दारातूनच विचारलं, "उपेंद्र, कधीपासून?"

त्यानं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, "कोविडपासून. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, येईल परत. इन्शाल्ला."

दोन वर्षं तो प्रत्येक वास आठवणीतून सांगत होता. मला आधी संताप आला आणि मग रडू. बायको, आठवीतली मुलगी, सगळ्यांचे व्हिसा या एका नोकरीवर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मीही गप्प बसले.

आमच्याकडे बाटली उघडली की वाढणाऱ्यानं ती पाहुण्यांआधी स्वतः हुंगायची असते. एखादं बूच खराब निघतं आणि अख्खी बाटली नासते. तेवढं हुंगणं मी करू लागले. पाहुण्यांना बाटली दाखवून झाली की तो ती माझ्या डेस्कशेजारच्या फळीवर आणून उघडायचा. मी वास घ्यायचे आणि मान हलवायचे. बाकीचं सगळं तो बोलायचा.

एका शुक्रवारी संध्याकाळी बारा जणांचा ग्रुप दारात माझ्याशी बुकिंगवरून हुज्जत घालत होता. उपेंद्र बाटली घेऊन आला, थोडा थांबला. मी मान वर केली नाही. त्यानं स्वतःच ग्लास नाकाशी धरला आणि आत गेला. ती चूक माझीही आहे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती बाटली मागवलेल्या टेबलावर आरव नावाचा तरुण आणि त्याचे आजोबा रामेश्वर कुलथे बसले होते. नातवाला नोकरी लागली होती, त्याची ही पार्टी. आजोबा नगरहून आले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा वाइन पिणार होते. ग्रुपला बसवून परतताना मी त्यांच्या मागून गेले आणि मला वास आला. ओलं पोतं कुबट होतं ना, तसा. माझे पायच थबकले.

उपेंद्रचं चेरी, आलूबुखार, काळी मिरी चाललं होतं. आजोबांनी पुन्हा ग्लास हुंगला. "मला तर भिजल्या पोत्याचा वास येतोय," ते ओशाळून म्हणाले. "पण तीनशे दिराम, म्हणजे साडेसहा हजार रुपये झाले. एवढी महाग वस्तू वाईट कशी असेल? माझंच नाक गेलं असणार. म्हाताऱ्याला कशाला आणलंस रे इथे?"

"आजोबा, इट्स ओके. लीव्ह इट," आरव म्हणाला. आजोबांनी ग्लास बाजूला सारला आणि मान खाली घातली.

आमचा मॅनेजर फहद शेजारच्याच टेबलापाशी उभा होता. उपेंद्रनं मागं वळून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी डोळ्यांनीच त्याला विनवलं, गप्प बस. बाटली बदल, काहीही सांग, पण गप्प बस.

"काका, तुमचं नाक शाबूत आहे," तो म्हणाला. "माझं गेलंय. ही बाटली नासलेली आहे आणि मला ते कळलं नाही." मग हेच वाक्य त्यानं फहदला समजेल अशा हिंदीत पुन्हा म्हटलं.

फहदनं दोन्ही हात झटकले. "खलास," एवढंच म्हणाला. म्हणजे नोकरी संपली.

उपेंद्रनं दुसरी बाटली आणली आणि या वेळी टेबलावरच उघडली. ग्लास आजोबांपुढे ठेवून तो वाकला. "आता तुम्ही सांगा."

आजोबांनी खूप वेळ घेतला. "पिकून पडलेली जांभळं," ते हळूच म्हणाले. "आणि मिरी. हो, मिरी आहे."

उपेंद्र डोळे मिटून ऐकत होता. "आणखी काय येतंय, काका?" त्यानं विचारलं.