जंतूसाहेबांचा गवताळ पट्टा

गल्लीत त्यांना सगळे जंतूसाहेब म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. प्रयोगशाळेतला हा माणूस मातीतले जिवाणू बाटल्यांत वाढवायचा आणि त्या घरच्या फ्रिजमध्ये दुधाला खेटून ठेवायचा. बायकोनं सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी दूधच शेजारणीकडे ठेवायला लागली. तेव्हापासून त्या घरात चहा किती होतो, हेसुद्धा गल्लीला ठाऊक.

जिवाणूंचं काम मात्र नामी. पेरणीच्या वेळी मातीत सोडले की ते रानगवताच्या मुळांना चिकटायचे, त्याची वाढ खुंटवायचे आणि गव्हाच्या वाटेला जायचे नाहीत. निदान साहेबांचं म्हणणं तसं. ते सिद्ध करायला सासूबाईंनी आपल्या शेतातले गव्हाचे दोन पट्टे दिले. पलीकडच्यात जिवाणू, अलीकडच्यात नुसतं पाणी. अलीकडे गवत माजायलाच हवं होतं. त्याशिवाय फरक दिसणार कसा? प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ बाई बघून जाणार, त्यांना पटलं तर प्रयोग पुढे, नाहीतर बंद.

बाईंना घेऊन साहेब ऐटीत बांधावर चढले आणि जागीच थिजले. दोन्ही पट्टे लख्ख!

"आई, इथलं गवत?"

"उपटलं," सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुमच्या मोठ्या बाई येणार, आणि माझ्या शेतात गुडघाभर गवत?"

"अहो, तेच तर दाखवायचं होतं!"

"गवत दाखवायला कोणी पाहुणे बोलावतं का, जावईबापू?"

साहेबांचा चेहरा पार उतरला. बाईंनी कसंबसं हसू दाबलं. "काकू, दोन्हीकडचं उपटलंत?"

"गेले होते दोन्हीकडे. पण पलीकडं होतं काय डोंबल? चार काड्या ओढल्या नि उठले. कंबर मोडली ती या अलीकडच्या पट्ट्यात. तो ढीग बघा, म्हैस बसल्यासारखा!"

"पलीकडचा म्हणजे..." बाई वळल्या.

"जिवाणूंचा," साहेब पुटपुटले. मग डोक्यात उजेड पडला आणि ते ओरडलेच, "जिवाणूंचा!"

बाईंनी ढिगातली एक काडी उचलली, पलीकडच्या काड्यांतली एक उचलली, दोन्हींची मुळं शेजारीशेजारी धरली. एकीकडे दाढी, दुसरीकडे नुसते खुंट.

"अहवालात काकूंची कंबर लिहिता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आणखी एक हंगाम देते. अट एकच. काकूंनी पट्ट्यात पाऊल टाकायचं नाही."

"माझ्या शेतात मलाच बंदी?"

साहेबांनी हात जोडले. सासूबाईंनी बराच वेळ त्यांना तसंच ठेवलं.

"बरं. पण बांधावर मोठी पाटी लावा: हे गवत जावयानं मुद्दाम वाढवलंय."